गॅरेजमधला विहिरीचा सण

आई अमेरिकेत, कॅरी गावी आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली ती माझ्या मुलीला सांभाळायला. नवऱ्यानं किंवा मी तसं उघड कधी म्हटलं नाही. फोनवर ‘तुलाही जरा बदल होईल, अमेरिका बघशील’ असंच म्हणालो. पण मुलीला सांभाळणारी बाई अचानक गाव सोडून गेली होती, डे-केअरला जागा नव्हती, आणि आईचं तिकीट काढताना माझ्या डोक्यात मुलीचं दुपारचं जेवण आणि झोप एवढंच होतं.

शेजारच्या घरात एक इंग्रज बाई राहायच्या. आईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. नवरा अमेरिकन, तो जाऊन बराच काळ झालेला. लग्न करून तरुणपणी त्या इथे आल्या, पण स्वतःला अमेरिकन म्हणवून घेताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. इंग्लंडच्या असंही म्हणायच्या नाहीत. आपल्या जिल्ह्याचं नाव घेऊन ‘मी डर्बीशायरची,’ म्हणायच्या आणि वर आमचा उच्चार सुधारायच्या. लिहायचं डर्बीशायर, म्हणायचं डार्बिशर.

आई सकाळी मुलीला स्ट्रोलरमध्ये घालून फिरायला निघायची तेव्हा बाई झाडांना पाणी घालत असायच्या. पहिल्याच आठवड्यात आईनं मला विचारलं, “अगं, ही मला बदक का म्हणते?”

मी बाईंना विचारलं तर त्या खूप हसल्या. त्यांच्या भागात कुणालाही मायेनं ‘डक’ म्हणतात. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, बसचा ड्रायव्हर म्हातारीला म्हणतो. मी आईला सांगितलं, “आपण नाही का लेकराला चिमणी म्हणत?”

“मी काय लेकरू आहे?” आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून तीही कुंपणावरून “हॅलो डक” म्हणायला लागली.

शनिवारी बाई आम्हाला चहाला बोलवायच्या. आईचं इंग्रजी जेमतेम, त्यामुळे मधे मी. एकदा त्यांनी ओटच्या पिठाची, तव्यावर टाकलेली जाडसर पोळी केली. त्यांच्याकडे ती सकाळी खातात. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, “हे तर धिरडं! हिला सांग, थोडी मिरची घाल.” बाईंचे आजोबा, पणजोबा शिशाच्या खाणीत उतरायचे. त्या डोंगरांत नुसती भोकं आहेत, म्हणाल्या, अजूनही गाई चरता चरता जुन्या खाणींत पडतात. मग त्यांनी जवळच्या एका गावाची गोष्ट सांगितली. तिथे प्लेग आला तेव्हा गावानं स्वतःलाच कोंडून घेतलं, रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. बाहेरचे लोक शिवेवरच्या दगडापाशी खाणं ठेवून जायचे. घरंच्या घरं गेली, पण गाव सोडून लोक गेले नाहीत.

आईनं हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, “तिला सांग, माझी आजी सांगायची, आमच्याकडे प्लेग आला की उंदीर पडायचे, आणि अख्खं गाव उठून माळावर झोपड्या बांधून राहायचं. तुमचे आत राहिले, आमचे बाहेर गेले.” आणि मग ती पुष्कळ बोलली. त्या झोपडीत आजीचा भाऊ जन्मला, त्याचं नाव कसं ठेवलं, काय काय. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. सोमवारी आमच्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता. आईनं एवढं सगळं सांगितलं, त्यातलं मी बाईंना दोन वाक्यांत उरकलं. बाई आईच्या तोंडाकडे बघत होत्या. एवढं बोलणं दोन वाक्यांत मावत नाही हे त्यांनाही कळत असणार.

मे महिन्यात बाईंनी गॅरेज रिकामं केलं. त्यांच्या जिल्ह्यात दर वर्षी गावोगावच्या विहिरी फुलांनी सजवतात. लाकडाची मोठी फळी पाण्यात भिजत घालायची, तिच्यावर मीठ घालून मळलेल्या मातीचा थर द्यायचा आणि त्या ओल्या मातीत एकेक पाकळी दाबून चित्र करायचं. कुणी म्हणतं मोठ्या दुष्काळात विहिरी आटल्या नाहीत म्हणून हे सुरू झालं, कुणी म्हणतं प्लेगमध्ये पाणी चांगलं राहिलं म्हणून. हवं ते फूल मागायला शत्रूकडेही जावं लागतं, असं बाई म्हणाल्या. इथे विहीर नव्हती. त्या दर मे महिन्यात एक लहानशी फळी सजवून घरामागच्या नळापाशी उभी करत. त्या वर्षी त्यांच्या बोटांना कंप सुटला होता. त्यांनी आईचे हात हातात घेऊन बघितले आणि मला म्हणाल्या, “विचार तिला, मदत करेल का?”

आईनं भाषांतराची वाट बघितलीच नाही. ती म्हणाली, “आमच्याकडे बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला जायची तेव्हा विहिरीला हळदकुंकू वाहायची. करू की!”

माती इथली, लालभडक. बाईंना त्याचं वाईट वाटायचं, त्यांच्याकडची राखाडी असते. चित्र त्यांच्या गावच्या दगडी पुलाचं होतं. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, कौलांसारख्या, म्हणजे पाऊस आला तरी ओघळून जातो. उगवलेलंच वापरायचं, प्लॅस्टिक, काच काही नाही. आईनं आमच्या स्वयंपाकघरातून मोहरी, तीळ, मसूर नेले. पुलाचे दगड मसुराचे झाले. दुपारभर त्या दोघी फळीवर वाकलेल्या आणि मुलगी शेजारी सतरंजीवर. मी मीटिंग चालू असताना खिडकीतून बघायचे. आईचा आवाज इथे यायच्या आधी फोनवर असायचा तसा मोठा आणि मोकळा ऐकू यायचा. आमच्या घरात ती हळू बोलायची, मला कॉल असतात म्हणून.

दुसऱ्या दुपारी आईनं मला हाक मारली. मुलीनं मसुराचा दाणा नाकात घातला होता.

मी धावत गेले. मुलगी रडत होती, आई तिला शिंकरायला लावत होती, बाई टॉर्च धरून उभ्या होत्या. माझा मायक्रोफोन चालू राहिला होता की काय याचीही मला धास्ती वाटत होती. मी मुलीला ओढून घेतलं आणि आईवर ओरडले, “तुला एवढं एकच काम दिलं होतं ना! तेवढं तरी नीट करायचं!”

आईच्या बोटाला निळी पाकळी चिकटली होती, ती तिनं पदराला पुसली.

अर्जंट केअरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं चिमट्यानं दाणा पटकन काढला आणि मुलीला स्टिकर दिला. परत आले तेव्हा बाई ड्राइव्ह-वेमध्ये थांबल्या होत्या. मुलगी बरी आहे असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “तू तुझ्या आईला काय म्हणालीस?”

“काळजी घे, म्हणाले.”

बाईंनी मान हलवली. विश्वास ठेवल्याची ती मान नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई गॅरेजमध्ये गेली नाही. मुलीला भरवलं, झोपवलं, कपड्यांच्या घड्या केल्या. दुपारी बाई दारात आल्या. माती वाळत चालली होती, फुलं माना टाकत होती. आई मला म्हणाली, “सांग तिला, मला जमायचं नाही. मला पोरीकडे बघायचंय.”

मी बाईंना म्हटलं, “ती थकली आहे.”

त्या गेल्यावर मी मॅनेजरला मेसेज केला, दोन दिवस सुट्टी घेतली. आईला म्हटलं, “तू जा. मी आहे हिच्याकडे.”

“ऑफिस?”

“नाहीये. जा तू.”

“तू म्हणतेस तर जाते,” ती म्हणाली आणि चप्पल घातली.

त्यांनी फळी पुरी केली. पुलाखालचं पाणी निळ्या हायड्रेंजियाचं, काठ मॅग्नोलियाच्या पानांचा. नळापाशी उभी केली तेव्हा आसपासचे चार लोक आले, फोटो काढले. त्यांच्या गावाकडे पाद्री येऊन विहिरीला आशीर्वाद देतो, म्हणून बाईंनी आईला काहीतरी म्हणायला सांगितलं. आईनं हात जोडून सात नद्यांना बोलावणारा आंघोळीचा श्लोक म्हटला. बाईंनी डोळे मिटले होते. मीही मिटले, कारण आईकडे बघवत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तिची माफी मागितली. ती भाजी निवडत होती.

“अगं, लेकराच्या नाकात गेलं होतं. ओरडशील नाही तर काय करशील?” तिनं वरसुद्धा बघितलं नाही. “मी तुझ्यावर कमी ओरडले का?”

एवढं सहज तिनं मिटवून टाकलं. पण त्यानंतर ती मला विचारायला लागली. हिला केळं देऊ का? मी जरा बाईंकडे जाऊन येऊ का? टीव्ही लावला तर चालेल? सुरुवातीला माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आल्यावर मी चिडून म्हटलं, “आई, विचारतेस काय प्रत्येक गोष्ट?”

“तुझं घर आहे. विचारलेलं बरं.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि भांडण झालं असतं तर बहुतेक ते मिटलंही असतं. ती शेवटपर्यंत विचारत राहिली. निघायच्या दिवशी, बॅगा दारात असताना, तिनं मुलीला उचलण्याआधी माझ्याकडे बघितलं.

बाई आता त्यांच्या मुलाजवळच्या सीनियर होममध्ये राहतात. मी कधीमधी फोन करते. त्या पहिलं आईचंच विचारतात. मागच्या वेळी म्हणाल्या, “मी घर सोडलं तेव्हा माझी आई फाटकापर्यंतही आली नाही. ती रागावली असं मी किती वर्षं धरून चालले होते. मी तिला विचारलंच नाही.” मग त्या हवेबद्दल बोलायला लागल्या.

मी आईला या वर्षी पुन्हा ये म्हटलं.

“तिची शाळा सुरू झाली ना?” आई म्हणाली. “मग मी येऊन काय करू?”

“काही करू नकोस. नुसती ये. डोंगर बघायला जाऊ, समुद्र बघू.”

ती म्हणाली, “बघू. कुंड्यांना पाणी कोण घालेल, ते बघायला हवं.”

तिथली शेजारीण घालेल, असं मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. अजून ती हो म्हणालेली नाही.