म्हशीला सांगितलेलं सुख

सुखी कसं व्हावं हे शिकवणाऱ्या माणसाइतका छळ जगात कुणी कुणाचा केला नसेल, आणि त्या सगळ्यांत पहिला नंबर माझ्या चुलत सासऱ्यांचा. आज मीच त्यांच्या वयाची झालेय, तरी त्यांची आठवण निघाली की हातातलं भांडं जरा जोरातच आपटलं जातं.

मिरजगावात आमचं घर. सासू-सासरे नव्हते, म्हणून वडीलधारे तेच. डोक्याला एकुलता एक लाल पटका. तो काढलेला कुणी पाहिला नव्हता. पहाटे विहिरीत वाकून खदखदा हसायचे. म्हणे, दिवसाचं पहिलं हसू पाण्याला द्यावं, ते परत देतं. घास इतका चावायचे की त्यांची भाकरी संपेतो माझी भूक मरून जायची. आणि वर उपदेश, "घरात एकाच्या दोन वस्तू नकोत. दुसरी आली की काळजी आली." दोन तवे दिसले, एक गेला. दोन घोंगड्या, एक गेली. दुसरा वरवंटा तर स्वतः खांद्यावर घेऊन वेशीपलीकडे देऊन आले, तेही हसत!

मला तोंड उघडायची सोय नव्हती. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. म्हणून मी म्हशीशी भांडायची. पदर ओढून तिला म्हणायची, "बाई, दोन शिंगं कशाला मिरवतीस? एक देऊन टाक!" ओसरीवरून तेही म्हशीलाच सांगायचे, "तिला म्हनावं, आदी पानी पी. राग खाली उतरंल." आमची सगळी भांडणं त्या म्हशीनं ऐकली. तीच काय ती घरात सुखी होती.

लढाईचे दिवस. कापडावर कंट्रोल. माझ्या एकुलत्या भावाचं लग्न केडगावला ठरलं, करवली मी, आणि अंगावरचं हिरवं लुगडं मांडीवर पार विरलेलं. मालकांनी रांगेत उभं राहून एक जांभळं लुगडं मिळवलं होतं. लग्नाच्या चार दिवस आधी पेटी उघडते, तर लुगडं गायब!

तडक गोठ्यात गेले. "बाई, माझं लुगडं कुठं गं चरायला गेलं?"

"तिला म्हनावं, पिंजाऱ्याच्या रसूलबीला दिलं. आठ दिस घराभाईर पडली न्हाई ती. पान्याला जायला अंगावर धड फडकं न्हाई."

"मग सोताचं द्यायचं हुतं!"

"माज्याजवळ दोन हाय काय?"

"अन् माज्याजवळ? ह्या चिंधीला लुगडं म्हनत्यात व्हय? मांडवात कशी उभी ऱ्हाऊ मी? आईनं काय म्हनावं?"

म्हैस रवंथ करायची थांबली. मामंजी उपदेश न करताच ओसरीवरून उठून गेले. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी आडावर रसूलबी दिसली, जांभळ्या लुगड्यात. माझ्याकडं बघून इतकं गोड हसली की परत मागायला जीभच रेटेना. मी दातओठ खात हसले. घरी आले तर ओसरीवर माझं हिरवं घडी करून ठेवलेलं. विरलेला भाग कापून मधे दंड घातलेला. तसे जोड तेव्हा घरोघर घालायचे. टाके वेडेवाकडे, बाप्याच्या हातचे. आणि दंड लालभडक! वर पाहिलं, तर मामंजी बोडके बसलेले.

माझा तोल गेला. "बाई, सासऱ्याच्या डोक्यावरचं सुनंनं कमरंला गुंडाळायचं? लोक तोंडात शेण घालतील!"

"तिला म्हनावं, निऱ्यांत झाकतंय. नेस अन् जा."

पेट्रोल कुठलं मिळायला, कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं आम्ही केडगावला गेलो. तेही आले, उघड्या डोक्यानं. उघडं डोकं म्हणजे सुतक, म्हणून मांडवात जो तो घाबरून विचारी, "कोन गेलं वो घरात?" आणि हे खुशाल सांगत, "कुनी न्हाई. डोक्याला वारा लागू दिलाय. लई सुख हाय!" मी करवली म्हणून मिरवले, पण निऱ्या मुठीत आवळून, धुसफुसत. आईनं मात्र डोळे भरून पाहिलं मला.

त्यांना जाऊन किती वर्षं झाली. घरात मी मुद्दाम सगळं दोन-दोन ठेवते. हिरवं लुगडं विरून गेलं, तो लाल दंड तेवढा उसवून ठेवलाय. परवा पेटी आवरताना हाताला लागला आणि असा राग आला की तशीच गोठ्यात गेले. पदर डोक्यावर ओढला, आताच्या म्हशीला म्हटलं, "बाई, त्यांना म्हनावं, राग अजून उतरला न्हाई."

आणि ओसरीकडं कान देऊन उभी राहिले.