आंबट ताक

शेजारच्या सुमनताईंचा कढीपत्ता डोळ्यांत भरेल इतका हिरवागार. माझ्या कुंडीत नुसत्या काड्या. उपाय विचारला तर म्हणाल्या, “आंबट ताकात पाणी मिसळून घालते, बाकी काही नाही.”

ते ‘बाकी काही नाही’च मला खटकलं. नुसत्या ताकानं एवढी पालवी फुटते होय? घरगुती उपाय सांगताना बायका काहीतरी हातचं राखतातच.

आज सकाळी पडद्याआडून मुद्दाम पाहिलं. त्यांनी ताकाचं भांडं विसळलं, पाणी कुंडीत ओतलं आणि आत गेल्या. खरंच, बाकी काही नाही.

मग आठवलं. उन्हाळ्यात त्यांनी माझ्या लिंबाच्या लोणच्याची कृती मागितली होती. मी सगळी लिहून दिली, ओवा तेवढा सोडून. वर म्हणालेही होते, “बाकी काही नाही हं!”