अर्धीच सांगितलेली संत

दादरला आमच्या खालच्या मजल्यावर एक ख्रिश्चन बाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळी बिल्डिंग त्यांना टीचर म्हणायची. माझं नवंनवं लग्न झालं होतं. एका दुपारी माझा सुजलेला गाल पाहून त्यांनी मला घरात बोलावलं, चहा दिला आणि भिंतीवरची तसबीर दाखवली. काळ्या झग्यातली जोगीण, कपाळावर काट्याची जखम.

"ही इटलीतली संत, मध्ययुगातली. हिचा नवरा फार तापट होता गं, हात उगारायचा. पण हिने उलट शब्द काढला नाही. प्रार्थना करत राहिली आणि शेवटी तो सुधारला. तूही धीर धर."

मी धीर धरला. त्यात कुणाचीच गैरसोय नव्हती. सासूबाई चतुर्थ्या-एकादश्या करणाऱ्या, पण परधर्माची ही संत त्यांना लगेच पटली. "बघ, त्यांच्यातसुद्धा हेच सांगितलंय," म्हणाल्या.

माझा नवरा सुधारला नाही. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला म्हणून मारायचा थांबला. मी त्याला पेज भरवायला लागले, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "तुमच्या सोसण्याचं फळ हो!"

त्या दिवसांत एकदा टीचरना विचारलं, "त्या संतीणबाईंचं पुढे काय झालं?"

"नवऱ्याचा खून झाला. जुनं वैर होतं. मुलंही गेली. मग तिला मठात जायचं होतं, तर विधवा म्हणून घेईनात. परत परत हाकललं. पण ती हटली नाही. शेवटी घ्यावंच लागलं."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

टीचरनी कपबश्या उचलल्या. "तेव्हा तुला त्याचा काय उपयोग होता?"

गेल्या वर्षी माझी मुलगी परळच्या सासरहून बॅग घेऊन आली. ओठ फुटलेला. मी तिला त्या संतीणबाईंची गोष्ट सांगितली, मठाच्या दारापासून सुरुवात करून. म्हटलं, "इथेच राहा. मी आहे." ती राहिली. आठवड्याने जावई आला, सोफ्यावर बसून रडला. ती बॅग भरायला लागली.

"अगं, हा परत मारेल."

"आई, तुझी ती संत मी कुठे पाहिलीय? मी तुला बघत मोठी झाले. तू राहिलीसच ना? आणि बाबा झालेच ना शांत?"

"शांत नाही झाले. लुळे झाले."

"एकच ते," ती म्हणाली आणि चेन ओढली.

मी दारात आडवी उभी राहिले. तिने मला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं. जावई खाली टॅक्सी थांबवून उभा होता.

ती अजून परळलाच आहे. फोन केला की आवाज बारीक करून म्हणते, "बरं चाललंय." माझ्या आईला मीही हेच सांगायचे. तिनेही पुढे कधी काही विचारलं नाही.