आईला गाडी लागू नये म्हणून

आमच्या आईला गाडी लागायची. एसटी साताऱ्याबाहेर पडायच्या आत तिच्या नाकाशी लिंबू आणि हातात पिशवी. म्हणून मला सांगलीत नोकरी लागून नऊ वर्षं झाली, तरी तिनं माझं घर पाहिलं नव्हतं. दर रविवारी एसटीडी बूथवरून मी फोन करायचे, की तिचं ठरलेलं, "यायचं खूप मनात आहे गं, पण गाडी लागते ना!" मी लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळची कपबशी ठेवली तिथंच. चिडायला म्हणून घरात माणूस नाही!

शेवटी जुनी मोटार घेतली. शिकवायला लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले मास्तर. पंधरा दिवसांत म्हणाले, "झालं बाई, आली तुमास्नी गाडी."

"आली काय डोंबल! असे हिसके बसले तर आई पहिल्याच वळणावर उलटी करेल."

मास्तर हसले आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. "मग चालवा. गिअर कवा बदलला ते मला कळलं न्हाई पायजे. आवं, क्लच सोडायची एवढी घाई कशापायी?"

पुढे दोन महिने मी रोज पहाटे एकटीच नदीकडच्या रस्त्यावर. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकायचा, क्लच अर्ध्यावर क्षणभर धरायचा, गाडी थांबता थांबता ब्रेकवरचा पाय जरासा सैल करायचा. शेजारच्या रिकाम्या सीटला विचारायचे, "आई, बसला का गं हिसका?" अक्षरशः वेड लागलं होतं मला.

मग तिला आणायला गेले. येताना पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो आणि पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. थांब, सरक, पुन्हा थांब. मी लिंबू पुढे करायला वळले. पाहते तर आई गाढ झोपलेली! सांगलीत उतरली ती "भूक लागली" म्हणतच. मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन मी चक्क रडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली.

"अगं, आता गाडी लागत नाही ना? राहा की महिनाभर!"

"नको बाई. तिकडे तुझा भाऊ आहे, सून आहे, नातवंडं आहेत. इथं तू दिवसभर कचेरीत. मी बोलायचं कुणाशी?"

असा संताप आला! मी नऊ वर्षं कुणाशी बोलत होते, हे एकदा तरी विचारायचंस. पण तिची भरलेली पिशवी उचलून गाडीत ठेवली. तिला नीट साताऱ्याला सोडून आले.

तिथं तिनं गल्लीभर सांगितलं, "पोरगी अशी चालवते, पोटातलं पाणी हलत नाही." पुढे माझ्या गाडीतून ती खूप फिरली. वाई, महाबळेश्वर, भावाच्या सासुरवाडीची लग्नं. बोलावलं की मी सांगलीहून जायचे आणि सगळ्यांना फिरवून एकटी परत यायचे. सांगलीला मात्र ती पुन्हा आली नाही. आणि आता कारणही सांगत नव्हती.