दिगूकाकांचा केस गळणारा ब्रश

"काका बरे आहेत, ताप उतरतोय, संध्याकाळपर्यंत वॉर्डात आणतील," असं मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाइप केलं, पुढे दोन हसरे चेहरे टाकले, आणि मिनिटभरात काकू आयसीयूतून बाहेर आली. हॉस्पिटलच्या त्या लांब बाकावर ती माझ्या शेजारी बसली, माझ्या हातातला मोबाईल काढून तिने स्वतःच्या मांडीवर उलटा ठेवला. तेव्हा मला कळलं. मोबाईल तिथे थरथरत राहिला... शहाद्याहून, नाशकाहून सगळे 'छान', 'देव पावला' असं पाठवत होते. दीड महिना झाला या गोष्टीला. मी आधी टाइप करते आणि मग विचार करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण हे जे लिहितेय ते तीनदा खोडून परत लिहिलंय.

दिगूकाका म्हणजे माझ्या पप्पांचे धाकटे भाऊ. शहाद्याकडून तरुणपणी सिल्वासात कामाला आले आणि इथलेच झाले. खडोलीला प्लास्टिकच्या दाण्यांना रंग द्यायचा कारखाना आहे, तिथे ते काळी पूड मिसळायच्या खात्यात होते. पूड म्हणजे अगदी काजळीसारखी, हाताला लागली तर दोन दिवस निघत नाही. मी कॉलेजसाठी इथे आले तेव्हापासून किलवणी रोडवरच्या त्यांच्या दोन खोल्यांत राहते. त्यांना मूलबाळ नाही. कुणी तसं विचारलंच तर काका म्हणायचे, "आहे की, एक आहे, मोबाईलमध्ये असते." घरात ते अहिराणी बोलायचे, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि माझ्याशी बोलताना तिन्हींची खिचडी.

तर ब्रशची गोष्ट. काकांचा वाढदिवस एक जूनला, म्हणजे मास्तरांनी शाळेत सगळ्या पोरांना जो लावून दिला तोच. घरात कुणी तो करायचं नाही. मी ठरवलं की या वर्षी करायचा, आणि ऑनलाइन दाढीचा ब्रश मागवला, लाकडी मुठीचा, एकदम देखणा. खाली एकाने लिहिलं होतं की याचे केस गळतात. मी ते वाचलं होतं. वाचून मनात म्हटलं, लोकांना तक्रारी करायची सवयच असते. पहिल्याच दिवशी फेसाने भरलेल्या काकांचा फोटो काढून मी पाच तारे देऊन टाकले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या गालावर, मगात, टॉवेलवर सगळीकडे ते करडे केस दिसायला लागले.

मग माझे प्रयोग सुरू झाले. मोबाईलवर वाचून मी काकांना ब्रश कोमट पाण्यात भिजवायला लावला, बारीक फणीने विंचरायला लावला, वापरून झाला की केस खाली करून टांगायला लावला, म्हणजे मुळात पाणी मुरणार नाही. तरी गळतोय म्हटल्यावर एका रविवारी मुळाशी गोंद ओतला. मधला पुंजका दगडासारखा कडक झाला आणि आजूबाजूचे केस जास्तच तुटायला लागले. काकू म्हणाली, "यापेक्षा आमची बकरी कमी केस गाळायची. फेका तो, जुना आहे ना अजून." काका म्हणाले, "राहू दे. पोरीने आणलाय."

इतकंच असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण काकांना रोज दाढी करावीच लागायची, हौस म्हणून नाही, मास्कसाठी. एकदा त्यांनी कारखान्यातला रबरी कडेचा मास्क धुवायला घरी आणला होता, तेव्हा तो माझ्या तोंडावर चढवला. "समोरच्या जाळीवर हात दाबून ठेव, श्वास ओढ." मी ओढला तर मास्क चेहऱ्याला गच्च चिकटला, बाहेरची हवा बंद. मग त्यांनी ब्रशचा एक गळलेला केस माझ्या जबड्यावर ठेवला, त्यावर मास्कची कड बसवली. "आता ओढ." गालावरून नाकाकडे हवेची एक थंड रेघ आली. एका केसाने. मी मास्क काढला. ते म्हणाले, "म्हणून तुला आता नोकरी. मी दाढी केली की तू जबडा बघायचा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावला तर फेस लागतो."

तेव्हापासून सकाळी पावणेसातला डबा पिशवीत घालून ते माझ्यासमोर उभे राहायचे, हनुवटी वर करायचे आणि विचारायचे, "देख वं, काही राहिनं का?" सुरुवातीला मी नीट बघायचे, बोट फिरवायचे, एखादा केस सापडला की त्यांना दाखवून चिडवायचे. महिनाभर बघितलं असेल. मग कॉलेजचे ग्रुप, रात्रभरात साठलेले मेसेज... मी अंथरुणातूनच "काही नाही काका, जा" म्हणायला लागले. मान वर न करता. एकदा नाही, कितीदा तरी.

त्यातल्याच एका संध्याकाळी ते घरी आले तर नेहमीप्रमाणे कपाळ काळं, मास्कखालचा भाग गोरा, पण त्या गोऱ्या भागात जबड्यापासून नाकपुडीपर्यंत एक बारीक काळी रेघ. पेन्सिलीने ओढल्यासारखी. मला हसू आलं. मी म्हटलं, "काका, मिशी तिरकी उगवली." तेही हसले, तोंड धुवायला गेले. खोकला त्यानंतर किती दिवसांनी सुरू झाला ते मला आठवत नाही, आणि मी ते आठवायचा फार प्रयत्न केलाय. पावसाळा होता, घरोघरी खोकला होता. मग ताप, मग न्यूमोनिया, मग ते लांब बाक. डॉक्टरांनी काकूला सांगितलं की फुप्फुसं जुनीच खराब होती, मास्क यायच्या आधी ते कित्येक वर्षं तोंडाला रुमाल बांधून काम करत होते, एका दिवसाचं हे नाही. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. एका दिवसाचं नाही हे ठीक आहे. पण मी एकच दिवस बघितलं नव्हतं, असं कुठे होतं?

तेराव्यानंतर मी काकूला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिने थांबून ऐकलं, मग म्हणाली, "मी सांगत होते ना, फेका म्हणून." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "राग आहे मला. तुझ्यावर आहे का त्या ब्रशवर, का त्या माणसावर, ते समजत नाही अजून. जेवून घे." ती 'तुझा काही दोष नाही' म्हणेल, असं मला वाटलं होतं. ती तसं बोलली नाही ते बरंच झालं, कारण मला ते खरं वाटलं नसतं.

गेल्या आठवड्यात काकांच्या खात्यातले किशोरभाई त्यांचं सामान घेऊन आले. टॉवेल, चप्पल, स्टीलचा ग्लास. काकू आत चहा करत होती तेव्हा मी त्यांनाच विचारलं, की मास्कमध्ये केस राहिला तर माणूस आजारी पडू शकतो का. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"बेन, दिगूभाय गेटवर आले की पहिले गाडी स्टँडला लावून तिचा आरसा वर करायचे. चष्मा लावून, हनुवटी अशी उचलून एक एक बाल काढायचे. मी बोलायचो, भाय, टाइम होऊन जाईल. पण पूर्ण बघूनच आत."

"मग ती रेघ? एकदा रेघ आली होती."

"रबर जुनं होतं, की बाल राहिला, कोण सांगेल?"

"पण घरी तर ते मला विचारायचे."

"मालूम आहे." किशोरभाई हसले. "बोलायचे, घरी इन्स्पेक्टर ठेवली आहे, न बघता पास करते. मी बोललो, मग विचारता कशाला? तर बोलले, तेवढंच मोबाईलमधून तोंड वर करते सकाळी."

मी चहाचे कप आणायच्या निमित्ताने आत गेले. शेवटी शेवटी मी तेवढंही तोंड वर करत नव्हते, हे किशोरभाईंना माहीत नव्हतं. काकांनी कारखान्यात ते कुणाला सांगितलं नव्हतं.

काकांची गाडी आता मी कॉलेजला नेते. तिला एकच आरसा आहे, तो अजून तसाच आहे, वर उचललेला, गाडीशेजारी उभ्या माणसाला स्वतःची हनुवटी दिसेल असा. गाडीवर बसलं की त्यात रस्ता दिसत नाही, आभाळाचा तुकडा आणि विजेच्या तारा दिसतात. काकू म्हणाली, सरळ करून घे, मागून ट्रक येतात. बरोबर आहे तिचं. पण मी अजून हात लावलेला नाही. किलवणी नाक्यावर वळायच्या आधी मी गाडी हळू करते, पूर्ण मान वळवते आणि मागे बघते.