याके

६ फेब्रुवारी, शुक्रवार. शेंगाचटणीसाठी दाणे भाजत होते, पण लक्ष सकाळच्या मुलाखतीतच होतं. पहिलीपासून प्रयोग करून शिकवणारी अशी एकच शाळा सोलापुरात आम्हाला माहीत होती. आमची सहा वर्षांची मुलगी दिवसभर प्रश्न विचारते, म्हणून तीच शाळा हवी होती.

“घरी आम्ही इंग्रजीच बोलतो,” असं नवऱ्याने आत शिरताच ठोकून दिलं. खरं तर घरी आम्ही कन्नड बोलतो. मुख्याध्यापिका मॅडमनी लोहचुंबकाला टाचण्या चिकटवून दाखवल्या. मुलगी पुढे सरकली आणि म्हणाली, “याके?” कन्नडमध्ये ‘याके’ म्हणजे ‘का?’ मॅडमना ते ‘या की’ असं ऐकू आलं.

“अगं, शाळा माझी आणि मलाच ‘या की’ म्हणतेस होय?” त्या हसल्या. मुलीने पुन्हा विचारलं, “याके?”

मॅडम आमच्याकडे वळल्या. “मुलगी अगत्याची आहे हो, पण प्रश्न काही विचारत नाही. सोमवारी कळवतो.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने टेबलाखाली माझा पाय दाबला. खरं सांगावं तर आम्ही खोटे ठरणार, गप्प बसावं तर मुलगी मठ्ठ ठरणार. मी मुलीचा हात धरून उठले.

आता दाणे भाजताना ती ओट्यापाशी उभी होती. सालं का सुटतात, हे तिने विचारलं नाही. का विचारत नाहीस, असं मीच म्हटलं, तर म्हणाली, “विचारलं की हसतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच शाळेत गेले आणि मॅडमना ‘याके’चा अर्थ सांगितला.