वस्तादांच्या पडद्याआड

माझं डोकं उजवीकडे दुखायचं. एवढं साधं वाक्य, पण ते तोंडातून बाहेर यायला मला दोन वर्षं लागली. आज लिहिताना काही वाटत नाही. दुपारची वेळ आहे, घरात कुणी नाही, आणि माझी शाळा चौथीपर्यंतचीच, त्यामुळे हे कुणाला दाखवायचंही नाही.

लग्न होऊन मी मालवणकडून लालबागला आले. आमच्याकडे तेव्हा पुरुष मुंबईला गिरणीत आणि बायका गावी, अशीच रीत होती. माझ्या दोन्ही जावा गावीच राहिल्या. त्यांना नवरा शिमग्याला आणि चतुर्थीला दिसायचा, तेवढाच. मला मात्र ह्यांनी मुंबईला आणलं. चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली होती. संसार लावून द्यायला सासूबाई महिनाभरासाठी म्हणून बरोबर आल्या. त्यांचा सगळा जीव गावात. परसातली केळ, गोठ्यातली गाय, शेजारणी, सगळं तिकडे. महिना झाला की परत जाणार होत्या. पण तेवढ्यात मला अर्धशिशी सुरू झाली आणि त्यांचं जाणं राहिलं ते राहिलंच.

आठवड्यातून एकदा, कधी दोनदा ती यायची. आधी मान आखडायची. मग मानेतून काहीतरी वर सरकत कानामागून डोळ्यापर्यंत यायचं आणि डोळा आतून कुणी दाबतंय असं वाटायचं. उजेड नको, बोलणं नको. तव्यावर बांगडा पडला की त्याचा वास नकोसा व्हायचा. गिरणीचा भोंगा झाला की तो कपाळातच वाजायचा. मग मी पदर तोंडावर घेऊन लादीवर आडवी व्हायचे. दुखरी बाजू खाली, गार लादीला लावून. तेवढंच बरं वाटायचं.

सासूबाई सहाणेवर सुंठ उगाळायच्या आणि लेप लावायच्या. मी उजवी बाजू खाली दाबून पडलेली, त्यामुळे लेप लागायचा डावीकडे. पहिल्या दिवशी मी सांगायला हवं होतं. पण त्यांनी इतक्या घाईघाईनं, चुलीवरचं टाकून, माझ्यासाठी सुंठ उगाळली होती. त्यांची खडबडीत बोटं कपाळावरून फिरत होती आणि मला आईची आठवण येत होती. 'आई, ह्या बाजूला नाही' असं म्हणायचं कसं? दुसऱ्या वेळी वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, मागल्या खेपेला का नाही बोललीस. तिसऱ्या वेळेपासून तो विषयच संपला. साऱ्या चाळीला माहीत झालं की हिचं डोकं डावीकडे दुखतं. कुणी विचारलंच तर सासूबाई सांगायच्या. माझ्या वतीनं सगळं त्याच बोलायच्या. मी वरच्या आवाजात कधी बोललेच नव्हते.

डॉक्टरचं औषधही झालं. गुलाबी मिक्श्चर, बाटलीवर डोसाच्या कागदी खुणा चिकटवलेल्या. ते घेतलं की झोप यायची, दुखणं जायचं नाही.

ते दिवस चळवळीचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे भिंतीभिंतींवर गेरूनं लिहिलेलं असायचं. पाळी सुटली की पुरुषमाणसं परस्पर सभेला जायची आणि घसा बसवून घरी यायची. आमच्या चाळीतल्या बायकासुद्धा मोर्चाला गेल्या होत्या. मी गॅलरीत उभी राहून बघायचे. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, किती गजबज होती त्या रस्त्याला! तेव्हा मात्र ती गजबज डोक्यात घुसायची.

असंच दीड-दोन वर्षं चाललं. त्या वर्षी संक्रांत झाल्यावर सासूबाई एक दिवस ह्यांना म्हणाल्या, "शिमग्याक जातलंव तेव्हा हिका घेऊन जातंय. गावची हवा मानवात. मी परत येऊन तुझ्या जेवणाचा बघीन."

मी पाटावर बसून तांदूळ निवडत होते. हात तसाच फिरत राहिला. गावी गेलेली बाई परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. जावांचं मी बघितलं होतं. आणि सासूबाईंनाही मुंबईत कोंडून राहायचं नव्हतं. मुलाला गिरणीतून आल्यावर गरम भाकरी मिळावी म्हणून त्या गाव सोडायला तयार झाल्या होत्या. म्हणजे माझ्या डोक्यापायी दोघींनाही नको तेच वाट्याला येणार होतं.

दोन दिवसांनी हे मला म्हणाले, "तू बैलगाडीसारखी वळतंस गो. हाक मारली तर मान नाय वळवत, सगळीच्या सगळी फिरतंस. तुझ्या मानेतच काय तरी आसा. वस्तादांकडे जाऊन ये."

साचा चालवणारा माणूस. कुठला धागा कुठे अडकतोय ते बघायची सवय. माझ्या मानेकडे इतकं लक्ष असेल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या मागच्या गल्लीत तालीम होती. तिथले वस्ताद कोल्हापूरकडचे. पोरांना कुस्ती शिकवायचे आणि रविवारी सकाळी हाडं बसवायचे. उतरलेला खांदा, लचकलेली कंबर, धरलेली मान. काही घेत नसत. मारुतीपुढे नारळ ठेवायचा, झालं. तालमीला लागूनच त्यांची खोली होती आणि मधे दारात तरटाचा पडदा. पुरुष पडद्याच्या त्या बाजूला, तांबड्या मातीच्या कडेला ओळीनं बसायचे. बायका ह्या बाजूला. बाईच्या मानेला वस्ताद हात लावत नसत. त्यांच्या मंडळी, ज्यांना सगळे आक्का म्हणायचे, त्या हात लावायच्या. वस्ताद पलीकडून विचारायचे, सांगायचे, आणि आक्का करायच्या. अशी त्या दोघांची पद्धत. वीस वर्षं तसं करत आले होते म्हणे.

आक्का ठेंगण्या, रुंद हाताच्या. मला पाटावर बसवलं, मागे स्वतः बसल्या आणि गुडघा माझ्या पाठीला टेकवला. कोमट तिळाचं तेल मानेवर ओतलं. तो वास, त्याच्यात मिसळलेला पलीकडच्या ओल्या मातीचा वास, अजून आठवला की माझी मान आपोआप सैल होते.

पलीकडून वस्तादांचा आवाज आला. "कंची बाजू?"

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "डावी," त्यांनी लगेच सांगितलं. "ह्या बघा, कानाच्या वर."

"हनुवटीखाली हात घाल. डावीकडची शीर धर. घाई न्हाय करायची. काय लागतंय हाताला?"

"काय बी लागत न्हाय," आक्का म्हणाल्या. "लोण्यागत मऊ हाय."

"बरं. चोळ नुसती. पुढल्या ऐतवारी बघू."

पुढचा रविवार तसाच गेला, त्याच्या पुढचाही. दर वेळी तेच. डावी बाजू लोण्यासारखी. मी घरून ठरवून जायचे की आज आक्कांच्या कानात सांगायचं. पण सासूबाई शेजारी. त्यांच्यासमोर त्यांचंच बोलणं खोटं पाडायचं, तेही परक्या घरात, पडद्याआड एवढे पुरुष ऐकत असताना! शिमगा जवळ येत चालला होता. सासूबाईंनी गावी न्यायच्या वस्तू एका डब्यात जमवायला सुरुवातही केली होती.

पाचव्या रविवारी तालीम खचाखच भरली होती. आदल्या दिवशी मोर्चात लाठ्या बसल्या होत्या. कुणाचा खांदा, कुणाचं मनगट. कण्हत होते आणि मधूनच हसतही होते. एवढ्या सगळ्यांत माझी डोकेदुखी घेऊन बसायची मला लाज वाटत होती.

आक्कांनी नेहमीप्रमाणे तेल लावलं. बोटं डावीकडे फिरवली, थांबली, परत फिरवली. पलीकडून वस्ताद म्हणाले, "काय?"

"न्हाय वो. काईच न्हाय."

वस्ताद म्हणाले, "आजीबाई, आमच्या हातात काय येत न्हाय बघा. गावची हवा म्हनता, तर गावाला नेऊन बघा."

सासूबाईंनी उसासा सोडला. आक्का माझ्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "पोरी, खरंच दुखतंय न्हवं तुला? का कामाचा कट्टाळा?"

त्या रागावल्या नव्हत्या. प्रेमानंच विचारलं होतं. पण मला कुणी तोंडात मारावी तसं झालं. गावी जावं लागेल ह्याचं दुःख मी गिळलं असतं. पण दोन वर्षं लादीला डोकं लावून काढली आणि शेवटी सगळ्यांना वाटणार की ही सोंग करत होती! मला आक्कांच्याच कानात सांगायचं होतं. पण आवाज कधी काढायची सवय नाही, त्यामुळे तो किती निघेल ह्याचा अंदाज आला नाही. मी जवळजवळ ओरडलेच.

"उजवीकडे! उजवीकडे दुखतं!"

पलीकडचं कण्हणंसुद्धा थांबलं.

आक्कांनी हात उजवीकडे नेला. कवटीच्या खाली, मानेच्या कडेला त्यांचं बोट एका जागी टेकलं आणि माझ्या डोळ्यापर्यंत कळ गेली. मी "आई गं" म्हणाले.

"अवं," आक्का पडद्याकडे बघून म्हणाल्या, "सुपारीयेवढी गाठ हाय हितं!"

"मग पाच ऐतवार आपन कुनाची मान चोळत हुतो?" वस्ताद म्हणाले.

तेवढ्यात बाहेरचा कुणीतरी, बहुतेक खांदा धरून बसलेला, मोठ्यानं म्हणाला, "वस्ताद, वहिनी उजवीकडे म्हणतायत, तर उजवीकडे झालंच पाहिजे!"

"झालंच पाहिजे!" बाकीचे एका सुरात ओरडले आणि सगळी तालीम हसायला लागली. वस्ताद "गप बसा रं" म्हणत होते, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. आक्कांचा गुडघा माझ्या पाठीवर हसण्यानं हलत होता. मी पदर तोंडात धरला होता, आणि रडता रडता मलाही हसू फुटलं.

मग वस्तादांनी सांगितलं आणि आक्कांनी केलं. आधी बराच वेळ नुसता अंगठा त्या गाठीवर दाबून धरला. मग हनुवटी तळहातावर घेतली. "श्वास सोड. सगळा सोड," आक्का म्हणाल्या. मान हळूहळू उजवीकडे वळवत नेली, जिथे अडली तिथे थांबवली, आणि एवढंसं, अगदी एवढंसं पुढे नेली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी घाबरले. पण दुसऱ्या क्षणी डोळ्यावरचा दाब कुणी उचलून घ्यावा तसा हलका झाला. मान वळवून मी माझ्या स्वतःच्या खांद्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांत मी माझा खांदा बघितला नव्हता.

"आजीबाई," वस्ताद म्हणाले, "गावाला न्यायचं ऱ्हाऊ द्या आता. आनखी चार ऐतवार बघू."

गल्लीतून येताना सासूबाई माझ्यापुढे भराभर चालत होत्या. जिन्यापाशी आल्यावर थांबल्या.

"तोंड नाय तुका? दोन वर्सां मी भलत्याच बाजूक लेप लावतंय, आणि तू गप?"

"तुम्ही मायेनं लावायचात..." मी म्हणाले.

"मायेन लावला म्हणान भलतीकडे लावूचा?" त्यांचे डोळे भरले होते. "माका सांगूक काय झाला होता? मी काय वैरीण आसंय तुझी?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, गाठ सुटली पण माणूस दुखावलं. तिसऱ्या दिवशी नळावर पाणी भरायला गेले तर सासूबाई हंडा खाली ठेवून चाळीतल्या बायकांना स्वतःच सगळी गोष्ट सांगत होत्या. पडद्याआडची घोषणासुद्धा हात वर करून म्हणून दाखवत होत्या. "माझी सून मोर्चाक गेली नाय, पण घोषणा तालमीत देऊन इली!" बायका पाणी सोडून हसत होत्या. मला बघून सासूबाई म्हणाल्या, "काय गो, आज खयच्या बाजूक दुखता? मोठ्यान सांग!"

पुढचे चार रविवार आक्कांकडे गेले. त्यांनी शिकवलं होतं की सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा ह्या खांद्यावरून आणि त्या खांद्यावरून मागे बघायचं. मी गॅलरीत उभी राहून ते करायचे, तेव्हा समोरच्या चाळीतल्या एका बाईंना वाटलं, मी कुणाची तरी वाट बघते. त्यांनी सासूबाईंना येऊन तसं सांगितलंही. अर्धशिशी पूर्ण गेली असं नाही म्हणता येणार. पुढेही यायची, महिन्यातून एखादी, पण आली की मला आधी कळायचं आणि मी आक्कांकडे पळायचे. आता ती तालीम नाही. तिथे उंच इमारत उभी राहिली आहे. वस्ताद आणि आक्का गावी परत गेले असं ऐकलं होतं. कोमट तेलाचे ते रुंद हात मला पुढे कुठल्याच दवाखान्यात भेटले नाहीत.

शिमग्याला सासूबाई एकट्याच निघाल्या, त्याही कायमच्या. आम्ही दोघं त्यांना बोटीवर सोडायला भाऊच्या धक्क्यावर गेलो. हे ट्रंक घेऊन पुढे गेले. सासूबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "काय सांगूचा आसात तर आताच सांग. मागाहून दोन वर्सांनी नको."

मी म्हणाले, "आई, आणखी आठ दिवस राहा ना."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आता बोलतंस? तिकीट काढल्यावर?"

आणि बोटीच्या फळीवरून चढताना त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला गर्दीतून दिसलं नाही.